आरसी ग्लायडर स्पर्धा, खानापूर तालुका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाताच्या मळण्या उरकल्या की आमच्या शनिवार-रविवारच्या आरसी, म्हणजे रिमोटने उडवायच्या ग्लायडरच्या स्पर्धेची नोंदणी सुरू होते आणि फोन वाजायला लागतात. बेळगाव, निपाणी, चिकोडी, गडहिंग्लज, चंदगड, सगळीकडून प्रश्न साधारण तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. पहिल्यांदा येणार असाल तर थर्मलचं (तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी गरम हवा) आणि शेतात उतरलेल्या ग्लायडरचं उत्तर नक्की वाचा, बाकीचं माळावर आल्यावरही कळेल.

ग्लायडर म्हणजे ड्रोनच ना?

नाही. ड्रोन पंख्यांच्या जोरावर हवेत टिकून असतो. बॅटरी संपली की खेळ संपला. ग्लायडर हवेतून सतत खाली घसरत असतो आणि त्या घसरण्यातूनच त्याच्या पंखांना उचल मिळते. भोवतालची हवा त्याच्या घसरण्यापेक्षा जास्त वेगाने वर चढत असेल, तर तो तिच्याबरोबर वर जातो. घार पंख न हलवता तासन् तास फिरते ती अशीच.

हलका, नीट बनवलेला ग्लायडर शांत हवेत सेकंदाला अर्धा मीटर किंवा त्याहूनही कमी उतरतो. म्हणजे ५० मीटरवरून सोडला तर दोनेक मिनिटांत जमिनीवर. त्यापुढचं प्रत्येक मिनिट हवेकडून मिळवावं लागतं. आमची स्पर्धा त्या मिनिटांची आहे.

मग परवानगी वगैरे लागत नाही?

असं समजू नका. २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानंही येतात. मौजेसाठी, शिक्षणासाठी किंवा चाचणीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेलं २५ किलोपर्यंतचं रिमोटचं विमान, अशी मॉडेलची व्याख्याच त्या नियमांत दिलेली आहे. हिरव्या क्षेत्रात, म्हणजे जिथे आधी परवानगी घ्यावी लागत नाही तिथे, जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत उडवता येतं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा २०० फुटांवर, म्हणजे ६० मीटरवर येते आणि ८ किलोमीटरच्या आत हिरवं क्षेत्र नसतंच. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपलं ठिकाण कुठल्या रंगात आहे ते घरातून निघण्याआधी बघायचं.

म्हणून आमच्या स्पर्धेत १२० मीटर हे छत आहे. जगभरच्या स्पर्धांत ग्लायडर याच्या कितीतरी वर जातात, आणि चांगलं थर्मल सापडलेलं असताना ब्रेक उघडून खाली यायचं जिवावर येतं, हे मला ठाऊक आहे. तरी छत मोडायचं नाही. उंचीमापक असलेल्यांनी रिमोटवर ११० मीटरचा इशारा लावून ठेवावा. ज्यांच्याकडे तो नाही, त्यांनी पंच "खाली" म्हणाले की लगेच खाली यायचं. दुसऱ्यांदा सांगावं लागलं तर त्या फेरीचे गुण जातात. पोलीस ठाण्याला आणि ग्रामपंचायतीला आम्ही आधीच लेखी कळवतो. ते तुमच्याकडे नाही.

स्पर्धा बेळगावातच का घेत नाही? तिथे मैदानं आहेत की.

मैदानं आहेत, पण पूर्वेला सांबऱ्याचा विमानतळ आणि हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र, शहरात कॅम्प आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. अशा ठिकाणी रिमोटचं काहीही हवेत सोडणं चूकच. शहरात सरावसुद्धा करू नका, अगदी गच्चीवरून हलकं फोमचं विमानही नको.

खानापूर तालुक्यातला हा माळ विमानतळापासून लांब आहे आणि भीमगडच्या जंगलापासूनही. दुसरं कारण माझ्या दृष्टीने जास्त मोठं आहे. माळ जांभ्याचा, उघडा, सकाळी लवकर तापणारा. त्याच्या एका अंगाला भाताची रिकामी शेतं, दुसऱ्या अंगाला उभा ऊस. तापलेली कोरडी जमीन आणि शेजारी ओलं, गार शिवार अशी जोडी असली की त्या दोन्हींच्या सीमेवरून गरम हवा सुटते. इतकी चांगली जागा मिळणं हे भाग्य आहे. ती गावाने दिली आहे, आणि गाव कधीही नाही म्हणू शकतं, हे विसरायचं नाही.

येळ्ळूरच्या राजहंसगडावर वारा असतो, तिथे का नाही?

डोंगराच्या कडेवर आदळून वर वळणाऱ्या वाऱ्यावर उडवणं हा वेगळाच खेळ. त्याची एफ३एफ नावाची स्पर्धा असते. १०० मीटरच्या टप्प्यात दहा फेऱ्या कमीत कमी वेळात मारायच्या. गडावर सुट्टीच्या दिवशी माणसांची वर्दळ असते आणि उतरायला सपाट जागा नाही. कुणाच्या डोक्यावरून वेगात ग्लायडर नेणं मला मान्य नाही. त्यामुळे गडावर नाही.

यायचं कसं?

बेळगावहून खानापूर साधारण २५ किलोमीटर. रेल्वेने येणाऱ्यांना मिरज-लोंढा मार्गावर खानापूर स्टेशन आहे. निपाणी, संकेश्वरकडचे लोक हायवेने बेळगावपर्यंत येऊन पुढे वळतात. नेमकी जागा नोंदणी केलेल्यांनाच कळवतो, कारण बघ्यांच्या गाड्या पेरलेल्या रानात शिरल्याचा अनुभव आम्ही एकदा घेतला आहे. गाड्या गावाच्या शाळेपाशी लावायच्या आणि सामान घेऊन चालत यायचं.

गट कोणते?

दोन. शनिवारी हाताने फेकायचे ग्लायडर, रविवारी मोटारीचे. दोन्हींचे नियम जागतिक वैमानिकी महासंघाच्या एफ३के आणि एफ५जे या प्रकारांवरून घेतले आहेत, छताचा बदल तेवढा आमचा.

हाताने फेकून कितीसा वर जाणार?

हा प्रश्न विचारणाऱ्याने एकदा जवळ उभं राहून बघावं. ग्लायडरच्या एका पंखाच्या टोकाला छोटी कार्बनची खुंटी असते. ती दोन बोटांत धरायची, हात लांब ठेवायचा, आणि थाळीफेक करणारा जसा स्वतःभोवती गिरकी घेतो तशी एक गिरकी घेऊन सोडायचं. पंख हवा कापत जातो तेव्हा कापड फाटल्यासारखा आवाज होतो. तयारीचे खेळाडू ६० मीटरच्या आसपास नेतात. नवा माणूस २०-२५ मीटरवर सुरुवात करतो, आणि त्यातूनही गुण मिळतात.

नियमाने पंखाची लांबी टोकापासून टोकापर्यंत १.५ मीटर, वजन ६०० ग्रॅमच्या आत. प्रत्यक्षात चांगली मॉडेलं २५० ग्रॅमच्या आसपास असतात, म्हणजे पावशेर.

फेऱ्या दहा मिनिटांच्या, आणि प्रत्येक फेरीचं काम वेगळं. एका फेरीत पाच उत्तम उड्डाणं मोजली जातात, प्रत्येकी जास्तीत जास्त दोन मिनिटांची. दुसऱ्या एकीत एक, दोन, तीन आणि चार मिनिटांची उड्डाणं साधायची. या चारांची बेरीजच दहा मिनिटं होते, त्यामुळे ग्लायडर हातात आला की त्याच क्षणी परत फेकावा लागतो, मध्ये श्वास घ्यायला वेळ नाही. एक फेरी सगळ्यांनी एकदम फेकायची असते आणि सगळे खाली आल्याशिवाय पुढची फेक नाही. ती बघायला गाव गोळा होतं. पोकर नावाच्या फेरीत तुमचा वेळ तुम्हीच आधी सांगायचा. सांगितलात तेवढा उडवलात तर गुण, नाहीतर तेवढाच वेळ परत प्रयत्न करायचा. हवा ओळखणारा आणि हावरा नसलेला माणूस पोकर जिंकतो.

ग्लायडर मैदानाच्या आखलेल्या हद्दीबाहेर उतरला तर त्या उड्डाणाचे शून्य. हातात झेलला तर उत्तम, वेळ वाचतो.

मोटारीच्या गटात मोटार किती वेळ चालवायची?

सुरुवातीला एकदा, जास्तीत जास्त ३० सेकंद. मोटार बंद केल्यावर पुढच्या १० सेकंदांत गाठलेली सर्वांत जास्त उंची यंत्र नोंदवून ठेवतं. त्यामुळे मोटार थांबवून त्याच वेगात वर उसळी घेतली तरी ती उंची मोजली जातेच. पंखाची कमाल लांबी ४ मीटर, पण दोन मीटरचा ग्लायडर आणला तरी बरोबरीने उडता येतं.

नोंदलेल्या प्रत्येक मीटरला अर्धा गुण वजा. हवेत राहिलेल्या प्रत्येक सेकंदाला एक गुण, वेळ दहा मिनिटांचा. उतरताना ग्लायडरचं नाक खुणेपासून एक मीटरच्या आत असेल तर ५० गुण, दोन मीटरच्या आत ४५, असं मीटरमागे पाच कमी होत दहा मीटरला ५. त्यापलीकडे काही नाही.

उदाहरण बघा. एकाने ११० मीटरवर मोटार थांबवली, ९ मिनिटं ५५ सेकंद उडवलं, दोन मीटरवर उतरला. ५९५ वजा ५५ अधिक ४५, म्हणजे ५८५. दुसऱ्याने ६० मीटरवरच मोटार थांबवली, ९ मिनिटं ४० सेकंद उडवलं, तीन मीटरवर उतरला. ५८० वजा ३० अधिक ४०, म्हणजे ५९०. पंधरा सेकंद आधी उतरलेला माणूस जिंकला, कारण त्याने हवेवर जास्त भरवसा ठेवला. मला हा गट आवडतो तो याचसाठी.

हवेत अडचण आली तर मोटार परत सुरू करू का?

करा. त्या फेरीचे शून्य गुण मिळतील, पण समोर माणूस, गुरं किंवा विजेची तार असेल तर विचार करत बसू नका.

निकालात १००० गुण दिसतात ते कुठून येतात?

एका वेळी जे एकत्र उडवतात त्यांचा एक गट. त्या गटात पहिला येईल त्याला १०००, बाकीच्यांना त्याच्या प्रमाणात. वरच्या उदाहरणात ५९० वाल्याला १०००, ५८५ वाल्याला ९९१.५, आणि कुणी ४७२ केले असतील तर त्याला ८००. सकाळी नऊला हवा मेलेली असते आणि दुपारी बाराला उसळत असते. सकाळच्या खेळाडूची तुलना दुपारच्याशी झाली तर तो अन्याय होईल. या पद्धतीत तुमची तुलना फक्त त्याच हवेत उडवणाऱ्यांशी होते.

माझ्याकडे महागडा कार्बनचा ग्लायडर नाही. बाल्साचा चालेल?

या. घरी बाल्साच्या, म्हणजे अगदी हलक्या लाकडाच्या, फासळ्या कापून, वर पातळ फिल्म इस्त्रीने चिकटवून केलेला ग्लायडर घेऊन आलेल्यांना आम्ही पहिल्या रांगेत जागा देतो. वारा कमी असेल तेव्हा हलका लाकडी ग्लायडर कार्बनच्या बरोबरीने टिकतो. स्वतः बनवणाऱ्याला आणखी एक फायदा असतो, मोडलं तर जेवणाच्या सुट्टीत तो सीए डिंकाने (झटकन चिकटणारा) जोडून परत उभा राहतो.

रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा असला की पुरे. पूर्वी दोघांच्या रिमोटमधला क्रिस्टल एकाच फ्रिक्वेन्सीचा असला तर एकाचं विमान कोसळायचं, तो त्रास आता नाही.

तपासणीत काय बघता?

ग्लायडरचा तोल नकाशात दिलेल्या बिंदूवर आहे का, सर्वो (सुकाणू वगैरे हलवणाऱ्या छोट्या मोटारी) योग्य दिशेला हलतात का. उजवीकडे काठी ढकलली की सुकाणू डावीकडे वळणारं विमान दरवर्षी एकतरी येतं, बहुतेक वेळा आदल्या रात्री घाईत दुरुस्त केलेलं. मग रेंज तपासणी: रिमोट कमी ताकदीवर ठेवून तीस पावलं लांब जायचं. शेवटी फेलसेफ. रिमोट बंद केल्यावर मोटार थांबलीच पाहिजे. ती थांबली नाही तर ग्लायडर उडणार नाही, कितीही लांबून आला असला तरी. पंखा लावलेला ग्लायडर बॅटरी जोडून कुणाच्याही तोंडासमोर धरायचा नाही.

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी माळावर चार्ज करता येईल?

मोकळ्या जागी, वाळूच्या बादलीशेजारी, आणि चार्जरपाशी माणूस बसलेला असेल तरच. वाळलेल्या गवतावर अजिबात नाही. पूर्ण भरलेल्या सेलचा दाब ४.२ व्होल्ट, ठेवून द्यायची असेल तर ३.८ च्या आसपास ठेवा. फुगलेली बॅटरी घेऊन येऊ नका.

थर्मल दिसत नाही, मग ओळखायचं कसं?

ते दिसत नसलं तरी खुणा ठेवून जातं. पौष-माघात इथे पहाटे धुकं, दव आणि पूर्वेचा मंद वारा. सकाळच्या फेऱ्यांत गार हवा जमिनीला धरून बसलेली असते. तेव्हा शोधाशोध करू नका, सरळ, मंद, कमीत कमी वळणं घेऊन उडवा. ऊन चढून माळ तापला की हवेचा पहिला बुडबुडा सुटतो.

रिमोटच्या अँटेनाला वीतभर पातळ रेशमी फीत बांधा. तिच्याकडे आणि स्वतःच्या मानेकडे लक्ष ठेवा. थर्मल तुमच्या अंगावरून जाताना वारा पडतो आणि ऊब वाटते. ते पुढे सरकलं की त्याच्या पोटात शिरायला मागून गार हवा धावते. ती गार झुळूक मानेला लागली, की थर्मल नुकतंच तुमच्या पुढे, वाऱ्याच्या दिशेने गेलेलं असतं. तिकडे फेका.

गेल्या हंगामात नववीतल्या एका मुलीची वेळ मी घड्याळावर घेत होतो. बाकीचे चारही जण उसाच्या बाजूला उडवत होते. ती हातात ग्लायडर धरून जवळजवळ पाऊण मिनिट नुसती उभी राहिली. वेळ चालला होता, तिच्या वडिलांचा जीव वर-खाली होत होता. मग तिच्या फितीने सुस्त लोंबकळणं सोडून एकदम पश्चिमेकडे तोंड केलं, ती वळली आणि फेकलं. फेक जेमतेम तीस मीटरची. ग्लायडरचं शेपूट किंचित उचललं गेलं, तिने तिथेच वळण धरलं आणि त्या वळणाबरोबर वाऱ्याच्या दिशेने हळूहळू सरकत गेली. चार मिनिटांचं उड्डाण तिने पूर्ण केलं. उसावर फिरणारे चौघे तोपर्यंत खाली आले होते.

बाकी खुणा गावातल्या कुणालाही विचारा. पाचोळा गरगरत वर गेला की वावटळ, आणि वावटळ म्हणजे डोळ्यांना दिसणारं थर्मल. पण तिच्या अगदी मुळाशी, जमिनीलगत ग्लायडर नेऊ नका, पंख मोडतो. घारी एका जागी गोल फिरत चढत असतील तर तिथे जा, मात्र त्यांच्या खालून आणि अंतर ठेवून. पक्ष्याच्या दिशेने मुद्दाम ग्लायडर नेणाऱ्याला आम्ही त्या दिवसापुरतं थांबवतो.

सापडलेलं थर्मल वाऱ्याबरोबर सरकतं. त्याच्या मागे किती लांब जायचं याचा हिशेब आधी करा, कारण परत येताना वारा तोंडावर असतो. बहुतेक ग्लायडर हद्दीबाहेर उतरतात ते इथे चुकल्यामुळे.

आणि ग्लायडर शेतात उतरला तर?

हद्दीवर आमचा माणूस उभा असतो. आधी त्याला सांगा, मग शेतकऱ्याला विचारा, मग शेतात पाय ठेवा. भात काढलेली शेतं रिकामी दिसतात, पण उरलेल्या ओलीवर त्यांत मसूर, वाटाणा पेरलेला असतो. लांबून ते कोवळं पीक गवत वाटतं. बांधावरून चालायचं, सरीतून पाऊल टाकायचं, आणि शोधायला एकाच माणसाने जायचं. मित्रमंडळी घेऊन शिरायचं नाही.

उसात गेला तर काम अवघड. माणसापेक्षा उंच ऊस, पानं हात कापतात आणि चार सऱ्या आत गेलं की दिशाच कळत नाही. माझा स्वतःचा पहिला ग्लायडर असाच गेला. मी संध्याकाळपर्यंत शोधत होतो. शेतमालक आजी बांधावर आल्या, म्हणाल्या, "काय शोधायलाय रे बाळा?" मी सांगितलं. त्यांनी विचारलं, कुठे उभा होतास, पडताना कुठल्या झाडाच्या रेषेत दिसला. मला परत त्याच जागी उभं केलं, स्वतः आंब्याच्या झाडाची रेष धरून सरीत शिरल्या आणि दहा मिनिटांत पंख हातात घेऊन बाहेर आल्या. तेव्हापासून आम्ही सगळ्यांना तेच शिकवतो. ग्लायडर नजरेआड झाला की जागा सोडायची नाही. लांबच्या झाडाची, खांबाची किंवा देवळाच्या कळसाची रेष पकडायची आणि दुसऱ्याला त्या रेषेत पाठवायचं. शक्य असेल तर ग्लायडरमध्ये छोटा बझर बसवा.

पिकाचं नुकसान झालं तर भरपाई आम्ही देतो आणि नंतर तुमच्याकडून घेतो. त्यावर वाद घालायचा नाही.

कन्नड येत नाही, चालेल? किंवा मराठी येत नाही?

चालेल. सूचना दोन्ही भाषांत होतात. माळावर वाऱ्याला निम्मे लोक वारा म्हणतात आणि निम्मे गाळी. "गाळी बंतु", वारा आला, असं कुणी ओरडलं की सगळ्यांचेच हात वर जातात.

जेवणाचं?

दुपारी भाकरी, भाजी, भात, आमटी. गावातल्या बचत गटाच्या बायका करतात. पाणी आमच्याकडे. टोपी, गॉगल आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट तुमचा. दिवसभर आभाळाकडे बघायचं असतं, गॉगल विसरू नका.

वारा फार वाढला किंवा धुकं हटलंच नाही तर?

ग्लायडर स्पष्ट दिसत नसेल तर फेरी सुरू होत नाही. वारा हाताबाहेर गेला तर थांबवतो आणि तोवर झालेल्या फेऱ्यांवर निकाल लावतो.

मला उडवता येत नाही. नुसतं बघायला येऊ?

या, पण नुसतं बघू नका. आम्हाला वेळ घेणारी माणसं नेहमी कमी पडतात. प्रत्येक खेळाडूमागे एक जण घड्याळ घेऊन उभा असतो. त्याने वेळ मोजायचा, उरलेली मिनिटं मोठ्याने सांगायची आणि खेळाडूची नजर ग्लायडरवर खिळलेली असताना बाकीचं आभाळ बघायचं: दुसऱ्याचा ग्लायडर कुठे वर चढतोय, घार कुठे वळली, फीत कुठे तोंड करून उभी आहे. शनिवारी सकाळी साडेसातला या, पाच मिनिटांत शिकवतो. आमच्याकडे आज जे चांगले उडवतात त्यांतल्या बऱ्याच जणांनी पहिला हंगाम हातात घड्याळ घेऊन, दुसऱ्याच्या खांद्यामागे उभं राहून काढला आहे.